एक क्रिकेटपटू हेडमास्तर

क्रिकेटच्या खेळानें मनुष्याचें शील घडतें, हें वाक्य आम्ही शाळेंत असल्यापासून ऐकत आलों आहों. बक्षीससमारंभाचे अध्यक्ष तें हटकून उच्चारतात आणि मुलें टाळ्या वाजवून तें विसरून जातात. पण हें वाक्य कितपत खरें, याचा निर्णय व्याख्यानानें व्हावयाचा नाहीं. त्यासाठीं एखाद्या खेळाडूचें सबंध आयुष्यच पुढें ठेविलें पाहिजे. म्हणून आम्ही आज एडवर्ड लिटलटन यांचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों.

लिटलटन यांचा जन्म १८५५ सालीं लंडन येथें एका सरदार घराण्यांत झाला. घरांत आठ भाऊ. तेव्हां खेळाला सवंगडी बाहेर शोधण्याची गरज नव्हती. प्रसिद्ध मुत्सद्दी ग्लॅडस्टन हे त्यांच्या मावशीचे यजमान. ईटन येथील शिक्षण संपवून ते केंब्रिज विद्यापीठांत गेले आणि १८७८ सालीं तेथील क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षीं केंब्रिजनें आठ सामने खेळले आणि आठहि जिंकले. ऑक्सफर्डचा दुसरा डाव अवघ्या ३२ धावांत आटोपला. त्याच हंगामांत इंग्लंडांत आलेल्या ऑस्ट्रेलियन संघानें एम. सी. सी. सारख्या मातबर संघास एका दिवसांत धूळ चारली होती. त्या संघासहि या विद्यार्थ्यांनीं एक डाव व ७२ धावांनीं हरविलें. खुद्द लिटलटन यांनीं मिडलसेक्सच्या बाजूनें खेळतांना याच पाहुण्यांविरुद्ध ११३ धावा काढल्या. स्पॉफर्थसारखा गोलंदाज समोर असतां काढलेलें तें शतक!

एवढ्या कीर्तीवर दुसरा कोणी आयुष्यभर जगला असता. लिटलटन मात्र मास्तर झाले आणि पुढें त्यांनीं धर्मदीक्षाहि घेतली. १८९० सालीं ते हेलिबरीच्या शाळेचे हेडमास्तर झाले. हें नांव आपणांस अगदींच परकें नाहीं. कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी तयार करणारें विद्यालय १८०९ पासून १८५८ पर्यंत याच इमारतींत होतें. आपल्या इलाख्यावर अंमल गाजविणारे कितीएक साहेब येथूनच शिकून आले.

१९०० सालीं दक्षिण आफ्रिकेंत लेडीस्मिथचा वेढा उठला. साऱ्या इंग्लंडांत जल्लोष उसळला. पण लिटलटन यांनीं शाळेस सुट्टी नाकारली. मुलें आज्ञा मोडून मिरवणुकीनें बाहेर पडलीं. हेडमास्तरांनीं वरच्या वर्गांतील सत्तरांहून अधिक मुलांना स्वतः छड्या मारल्या. त्या मुलांत क्लेमेंट अ‍ॅटली नांवाचा एक विद्यार्थी होता. पुढें १९४७ सालीं तो इंग्लंडचा मुख्य प्रधान असतांनाच हिंदुस्थान स्वतंत्र झाला. या प्रसंगीं आम्हांस हेडमास्तरांचें सर्वस्वीं कौतुक करवत नाहीं. विजयाचा कैफ चढूं न देणें हें खरें. पण तो छडीनें उतरतो असें मानणें हा त्या काळच्या शाळांचा दोष होता आणि लिटलटन त्यांतून सुटले नव्हते.

१९०५ सालीं ते आपल्या जुन्या विद्यालयाचे, ईटनचे, हेडमास्तर झाले. खरी कसोटी तेथें लागली. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें. त्या युद्धांत ईटनचे हजाराहून अधिक माजी विद्यार्थी मारले गेले. त्यांतील कितीएक लिटलटन यांच्याच हाताखालचे. अशा दिवसांत, १९१५ च्या मार्च महिन्यांत, लंडनच्या सेंट मार्गारेट चर्चमध्यें त्यांनीं शत्रूवरील प्रेमाविषयीं प्रवचन केलें. जर्मनीनें कील कालवा सर्व राष्ट्रांच्या स्वाधीन करावा असें आपण म्हणत असूं, तर आपणहि जिब्राल्टर सोडण्यास तयार असलें पाहिजे, असा त्याचा मथितार्थ होता.

झालें! वर्तमानपत्रांनीं गदारोळ केला. ईटनच्या मुलांचे बाप मुलगे गमावीत असतां त्यांच्या गुरूनें शत्रूची तरफदारी करावी, हें लोकांस सहन झालें नाहीं. पुत्रशोकानें पोळलेल्या त्या बापांना दोष देणें आम्हांस कठीण वाटतें. परंतु लिटलटन यांनीं जर्मनीचा पक्ष घेतला नव्हता. नियम एक असेल तर तो दोन्ही बाजूंस लागू असावा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. पुढच्याच वर्षीं, १९१६ सालीं, त्यांनीं ईटन सोडलें.

मग शील घडविलें तें खेळानें काय? असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं. त्यांच्याबरोबर तोच खेळ खेळलेले कितीतरी जण गप्प बसले. दोन्ही संघांना एकच नियम, ही गोष्ट मैदानावर सर्वांनाच मान्य असते. कारण तेथें हरलें तरी संध्याकाळीं चहा मिळतो. मैदानाबाहेर ती गोष्ट बोलून दाखविण्याची किंमत पडते, आणि ती ज्याची त्यानेंच द्यावयाची असते.

लिटलटन यांनीं ती दिली आणि तक्रार न करतां लहान कामें पत्करलीं. लंडनच्या एका चर्चमध्यें ते दुय्यम धर्मोपदेशक झाले, नंतर नॉरफोकच्या एका खेड्यांत राहिले. १९२० ते १९२९ पर्यंत स्त्री-शिक्षिका तयार करणाऱ्या व्हाइटलँड्स कॉलेजांत त्यांनीं काम केलें. १९४२ च्या जानेवारींत ते वारले, तेव्हां जर्मनीशीं दुसरें महायुद्ध चालू होतें. बक्षीससमारंभांत तें जुनें वाक्य पुन्हां कानीं पडेल, तेव्हां ११३ धावांबरोबर ते प्रवचनहि वाचकांनीं आठवावें, एवढीच आमची विनंती आहे.