पार्नेल : बहिष्काराचें दुधारी शस्त्र

श्रोतेहो, ‘बॉयकॉट’ हा शब्द १९०५ सालच्या स्वदेशीच्या चळवळींत आपल्याकडे रूढ झाला. मुळांत तें एका माणसाचें आडनांव. ज्या पुढाऱ्याच्या उपदेशामुळें तें जगभर झालें, त्या चार्लस् स्टुअर्ट पार्नेलच्या वांट्यासही अखेर बहिष्कारच यावा, हा दैवदुर्विलास होय.

पार्नेलचा जन्म १८४६ सालीं आयर्लंडांतील विक्लो परगण्यांत झाला. तो स्वतः जमीनदार व प्रॉटेस्टंट. अनुयायी मात्र बहुतेक कॅथॉलिक कुळें. १८७५ सालीं तो पार्लमेंटांत शिरला आणि लांबलचक भाषणांनीं सरकारचें काम अडवूं लागला. १८७९ सालीं तो लँड लीगचा अध्यक्ष झाला. पुढील वर्षीं एनिसच्या सभेंत त्यानें सांगितलें, कीं हुसकून लावलेल्या कुळाची जमीन जो घेईल, त्याच्यावर हात उगारूं नका. त्याला रस्त्यांत, बाजारांत, देवळांतसुद्धां वाळींत टाका.

थोड्याच दिवसांत मेयो परगण्यांत कॅप्टन बॉयकॉट या जमीनदाराच्या कारभाऱ्यावर हा प्रयोग झाला. नोकर निघून गेले, दुकानदार माल देईनात. कापणीसाठीं अल्स्टरहून पन्नास माणसें फौजेच्या पहाऱ्यांत आणावीं लागलीं. राखणीचा खर्च पिकाच्या किंमतीहून कितीतरी अधिक झाला.

१८८५ च्या निवडणुकींत पार्नेलच्या पक्षानें ८६ जागा जिंकल्या. ग्लॅडस्टननें १८८६ सालीं होमरूलचें बिल आणलें. तें ३४१ विरुद्ध ३११ मतांनीं पडलें, तरी आशा मावळली नव्हती.

परंतु १८९० सालीं कॅप्टन ओशे याच्या पत्नीशीं पार्नेलचा दीर्घकाळचा संबंध घटस्फोटाच्या खटल्यांत उघड झाला. ग्लॅडस्टननें पाठ फिरविली, धर्मगुरु उलटले, आणि डिसेंबरांत बहुसंख्य सभासद त्याला सोडून गेले. त्यानें पद सोडण्याचें नाकारलें. पोटनिवडणुकींत त्याचे उमेदवार एकामागून एक पडले. ६ ऑक्टोबर १८९१ रोजीं, अवघ्या ४५ व्या वर्षीं, तो ब्रायटनजवळ वारला.

जमीन बळकावणाऱ्याचा गुन्हा आणि नेत्याचें खासगी स्खलन यांतील भेद क्षुब्ध समाज करीत नाहीं. पण दोष एकट्या समाजाचा नव्हे. पार्नेलच्या हट्टामुळें दुभंगलेला पक्ष १९०० सालापर्यंत सांधला नाहीं. नेता आणि कार्य यांतील अंतर नेत्यास दिसलें नाहीं, अनुयायांसही नाहीं. आणि त्याची किंमत, श्रोतेहो, ज्यांच्यासाठीं हें सारें आरंभिलें होतें, त्या गरीब आयरिश जनतेनें मोजली.