जुनी जावा: बिघाड हे इतिहासाचे साधन

म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने 1961 ते 1996 या काळात मोटारसायकली बनविल्या; 1973 पासून ‘येझदी’ या नावाने. या टू-स्ट्रोक गाड्यांच्या पुनर्बांधणीत ठिणगी क्षीण असली तरी दोष बहुधा कार्ब्युरेटरला दिला जातो. वस्तुतः मूळ 6 व्होल्टच्या रचनेत 30 वॉटच्या दिव्यास 5 अँपिअर प्रवाह लागतो. 12 व्होल्टमध्ये त्याच्या निम्मा. अर्थिंगच्या जोडात केवळ 0.2 ओहम रोध असला तरी जवळजवळ 1 व्होल्ट तेथेच खर्ची पडतो. हा रोध पुष्कळदा चासीला दिलेल्या नव्या रंगाचाच असतो! क्रँकचे सील झिजून आत हवा शिरणे, मिश्रण विरळ होऊन इंजिन तापणे, हा मात्र निराळा, यांत्रिक दोष होय. सरसकट 12 व्होल्टची जोडणी केल्यास गाडी सुखाने चालते. परंतु त्या काळच्या विद्युतरचनेचा पुरावा त्याबरोबर नाहीसा होतो. किमान मूळ डायनॅमो तरी जतन करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.