सेल्ससचे आक्षेप व ऑरिजेनचें उत्तर

धर्मप्रचारावरील आक्षेपांस उत्तर कसें द्यावें, हा प्रश्न फार जुना आहे. इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस नामक तत्त्ववेत्त्यानें ख्रिस्ती भाविकांवर टीकाग्रंथ लिहिला. लोंकर पिंजणारे, चांभार, परीट असले हे उपदेशक वडीलधाऱ्यांदेखत मुके असतात व मुलांबायकांना एकीकडे गांठून शिकवितात, असा त्याचा उपहास होता. सुमारें सत्तर वर्षांनीं ऑरिजेननें अंब्रोसियस या स्नेह्याच्या आग्रहावरून आठ भागांत उत्तर दिलें. येशू खोट्या साक्षीपुढें मौन राहिला व शिष्यांचें आचरण हेंच त्याचें समर्थन होय, हें त्यानें आरंभींच सांगितलें. अडाण्यांसही शहाणें करूं पाहणें हा दोष कसा, असा त्याचा उलट प्रश्न होता. शिवाय आपल्या शास्त्रकारांप्रमाणें त्यानें पूर्वपक्ष आधीं मांडला, तोही बहुतेक ठिकाणीं सेल्ससच्याच शब्दांत. पुढें इ. स. २५० च्या छळांत ऑरिजेननें तुरुंगवास व यातना भोगिल्या. सेल्ससचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. त्याचे शब्द उरले ते ऑरिजेनच्या पानांतच. प्रतिपक्ष्याचें म्हणणें न झांकतां उत्तर देणें, हेंच आम्हांस त्या ग्रंथाचें मोठेपण वाटतें.