अंबत्तूरचा नंबर कितवा?



मुंबईहून किंवा पुण्याहून रेल्वेनं चेन्नईला गेला असाल, तर अंबत्तूर तुम्ही पाहिलेलं आहे. नाव लक्षात राहिलं नसेल, एवढंच. सोलापूर, रेणिगुंटा, अरक्कोणम करत गाडी शेवटच्या टप्प्यात येते, लोक बर्थखालून बॅगा ओढायला लागतात, तेव्हा आवडीनंतर थोड्या वेळात हे स्टेशन मागं पडतं. लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या इथं थांबत नाहीत.

१२ जुलै २०१९ रोजी याच रुळांवरून एक वेगळीच गाडी गेली. ५० टाक्यांची गाडी, आत सुमारे २५ लाख लिटर पाणी. दोनशे किलोमीटरहून दूर असलेल्या जोलारपेट्टैहून ती अंबत्तूरवरून पुढं विल्लिवाक्कमला पोहोचली. चेन्नईला पाणी पुरवणारे तलाव त्या उन्हाळ्यात कोरडे पडले होते. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी आपल्याला आठवते. लातूर निदान दुष्काळी पट्ट्यातलं. चेन्नई तर समुद्रकाठचं महानगर, आणि तिथं चार वर्षांपूर्वीच महापूर आला होता.

आता दुसरं चित्र बघा. मार्च २०२१. केंद्राच्या शहरी विकास खात्यानं ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ म्हणजे राहायला सोयीच्या शहरांची यादी जाहीर केली. १११ शहरं. बंगळूरु पहिलं, पुणे दुसरं, अहमदाबाद तिसरं आणि चेन्नई चौथं! या यादीत ३० टक्के वजन नागरिकांच्या मतांना होतं आणि ती मतं २०२० च्या सुरुवातीला गोळा केली होती. म्हणजे पाण्याच्या गाडीनंतर जेमतेम सहा-आठ महिन्यांनी.

मग चेन्नईचा कारभार चांगला म्हणायचा की वाईट? आणि हे ठरवायला क्रमांक कितपत कामाला येतो? आजचा विषय हाच. पण तो मी चेन्नईच्या मरीना बीचवरून नाही, अंबत्तूरवरून मांडणार आहे. कारण शहराचा कारभार शहराच्या कडेला कळतो.

अंबत्तूर हे मुळात तळ्याकाठचं गाव. अंबत्तूरचं तळं, शेजारी कोरट्टूरचं तळं, आणि एकाचं जादा पाणी ओढ्यांवाटे पुढं जाईल अशी जुनी व्यवस्था. स्वातंत्र्यानंतर इथं कारखाने आले. १९४९ साली टीआय सायकल्स. हर्क्युलिस आणि बीएसए या सायकली आपल्या गावागावांत पोहोचल्या, त्यांचं घर अंबत्तूर. १९६४ मध्ये सरकारनं इथं औद्योगिक वसाहत काढली. बघता बघता ती देशातल्या लघुउद्योगांच्या मोठ्या वसाहतींपैकी एक झाली. कामगार आले, चाळी आल्या, मग इमारती आल्या. २००१ मध्ये अंबत्तूर नगरपालिकेची लोकसंख्या तीन लाखांच्या घरात होती, २०११ मध्ये ती साडेचार लाखांवर गेली. महाराष्ट्रात एवढ्या वस्तीच्या गावाला महापालिका मिळते.

अंबत्तूरचं मात्र उलट झालं. २०११ मध्ये चेन्नई महापालिकेची हद्द १७४ चौरस किलोमीटरवरून ४२६ चौरस किलोमीटर झाली. ४२ स्थानिक संस्था तिच्यात विलीन झाल्या, त्यांत अंबत्तूर नगरपालिकाही होती. आता अंबत्तूर म्हणजे चेन्नईचा सातवा झोन, वॉर्ड ७९ ते ९३. पंधरा वॉर्ड. एका नगरसेवकामागे तीस हजारांहून जास्त माणसं.

इथं पहिला मुद्दा येतो. त्या दिवसापासून अंबत्तूरला स्वतःचा नंबर राहिला नाही. यादीत असतं ते ‘चेन्नई’. ज्या जुन्या शहरात शतकभरापासून गटारं आहेत त्याची आणि काल-परवा जोडलेल्या उपनगराची एकत्र सरासरी काढली जाते. सरासरीत कडेची माणसं दिसत नाहीत. घरात एकजण जेवला आणि एकजण उपाशी राहिला, तर सरासरीनं दोघांनी अर्धी-अर्धी भाकरी खाल्ली असं निघतं.

आता चेन्नईचे क्रमांक तारखेनं लावून बघू. २०१५ साली ‘लोनली प्लॅनेट’ या प्रवासविषयक प्रकाशनानं जगात भेट देण्याजोग्या शहरांत चेन्नईला नववं स्थान दिलं. त्याच वर्षी डिसेंबरात महापूर आला आणि अंबत्तूरच्या वसाहतीतही पाणी शिरलं. त्या पुरावरचा कॅगचा अहवाल जुलै २०१८ मध्ये विधानसभेत आला आणि त्यात ही आपत्ती मानवनिर्मित ठरवली गेली. पुढच्याच महिन्यात, ऑगस्ट २०१८ मध्ये, ‘ईझ ऑफ लिव्हिंग’ची पहिली यादी आली. तिच्यात पुणे पहिलं, नवी मुंबई दुसरं, मुंबई तिसरं आणि चेन्नई चौदावं. ऑगस्ट २०२० मध्ये स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या ४७ शहरांत चेन्नई ४५ वं. त्यानंतर सातच महिन्यांत राहायला सोयीच्या शहरांत चौथं. आणि स्वच्छ सर्वेक्षण २०२३ मध्ये ४४६ शहरांत १९९ वं.

शहर तेच, रस्ते तेच, महापालिका तीच. मग या याद्या खोट्या आहेत का? नाही. प्रत्येक यादी वेगळी गोष्ट मोजते आणि आपण प्रत्येक वेळी ‘कारभाराचा निकाल’ म्हणून ती वाचतो. चूक आपल्या वाचण्यात आहे.

याचा पुरावा खुद्द सरकारनंच दिला होता. मार्च २०२१ मध्ये त्या यादीसोबत त्याच दिवशी दुसरी यादी आली होती, महापालिकांच्या कामगिरीची. सेवा, पैसा, नियोजन, तंत्रज्ञान आणि प्रशासन यांवर गुण. तिच्यात इंदूर पहिलं, सुरत दुसरं, भोपाळ तिसरं, पिंपरी-चिंचवड चौथं. राहायला सर्वांत सोयीचं ठरलेलं बंगळूरु इथं ५१ मोठ्या शहरांत ३१ वं! चेन्नई पहिल्या दहातही नव्हतं. त्याआधी ‘जनाग्रह’ संस्थेनं २०१७ साठी २३ शहरांच्या व्यवस्थेची पाहणी केली, तेव्हा पुणे पहिलं आणि बंगळूरु शेवटचं होतं.

गोंधळात पडायचं कारण नाही. बंगळूरुची हवा महापालिकेनं बनवली नाही आणि तिथल्या नोकऱ्याही तिनं आणल्या नाहीत. माणूस नोकरीसाठी, शाळेसाठी, सुरक्षिततेसाठी शहरात राहतो आणि बरं चाललंय म्हणतो. ते खरंच असतं. पण ते शहराचं वैभव झालं, कारभार नव्हे. श्रीमंत घर आणि नेटकं घर यांत जो फरक, तोच इथं.

आणखी एक अडचण आहे. शहर चालवतं कोण? चेन्नईत पाणी आणि सांडपाणी ‘मेट्रोवॉटर’ या १९७८ पासूनच्या मंडळाकडे. नगररचना सीएमडीएकडे. बस वेगळ्या महामंडळाची. मोठी तळी राज्याच्या जलसंपदा खात्याची. कारखान्यांचं सांडपाणी तपासणार प्रदूषण नियंत्रण मंडळ. पावसाळी गटारं मात्र महापालिकेची.

डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळ आलं, तेव्हा अंबत्तूरच्या वसाहतीत पुन्हा पाणी भरलं आणि लहान कारखानदारांची यंत्रं बुडाली. तळ्यांचं जादा पाणी वाहून नेणारे ओढे कुठं अरुंद झालेले, कुठं बुजलेले. आता त्या कारखानदारानं कुणाला धरायचं? तळं एकाचं, गटार दुसऱ्याचं, जमीन वाटणारा तिसरा. कोरट्टूरच्या तळ्यात सांडपाणी येतं म्हणून तिथल्या रहिवाशांना हरित लवादाचं दार ठोठवावं लागलं. ही सगळी खाती मिळून एक निकाल लागतो आणि तो ‘चेन्नई’ या एका नावावर जमा होतो. या प्रगतिपुस्तकात विद्यार्थीच पाच-सहा आहेत, आणि नाव एकाचंच लिहिलंय.

मंडळी, आता थोडं मागं जाऊ. चेन्नई महापालिका ही देशातली सर्वांत जुनी, १६८८ सालची. तिच्या मुख्यालयाचं नाव रिपन बिल्डिंग. १९१३ साली बांधून पूर्ण झालेली पांढरीशुभ्र इमारत, चेन्नई सेंट्रल स्टेशनातून बाहेर पडलात की शेजारीच. हे रिपन म्हणजे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन. १८८२ साली त्यांनी स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला. त्यातला एक विचार आजच्या विषयाला नेमका लागू पडतो. कारभार सुधारावा हा या योजनेचा मुख्य उद्देश नाही, लोकांना सार्वजनिक कामाचं शिक्षण मिळावं यासाठी ती आहे, असं तो ठराव सांगतो. सुरुवातीला चुका होतील हेही रिपननी गृहीत धरलं होतं. लोकांनी आपला कारभार आपण करायला शिकणं, ही त्यांची कसोटी.

त्या शिक्षणाचं एक फळ चेन्नईतच दिसलं. १९२० साली सर पी. त्यागराय चेट्टी महापालिकेचे अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स भागातल्या पालिकेच्या शाळेत मुलांना दुपारचं जेवण द्यायचं ठरलं. मुलं उपाशी असतात म्हणून शाळेत येत नाहीत, हे लोकांमधल्या प्रतिनिधींना दिसत होतं. पुढं कामराज यांनी ही कल्पना राज्यभर नेली, एमजीआर यांनी ती वाढवली, आणि १९९५ मध्ये देशपातळीवर मध्यान्ह भोजन आलं. आज आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिजणाऱ्या खिचडीच्या मागं चेन्नई पालिकेचा तो निर्णय आहे. त्या काळी शहरांच्या याद्या असत्या, तर या जेवणाला किती गुण मिळाले असते?

आणि आता हे ऐका. ऑक्टोबर २०१६ ते फेब्रुवारी २०२२ या काळात रिपन बिल्डिंगमध्ये एकही निवडून आलेला नगरसेवक नव्हता. अधिकारी कारभार बघत होते. पाण्याची गाडी आली ती याच काळात, आणि देशात चौथा क्रमांक आला तोही याच काळात. वॉर्ड ७९ ते ९३ मधल्या माणसाला त्या पाच वर्षांत नळ कोरडा आहे म्हणून ज्याच्या दारात जावं असा स्वतःचा प्रतिनिधी नव्हता. यादीत या गोष्टीनं चेन्नईला चौथ्या क्रमांकावरून खाली ओढलं नाही.

आपण तमिळनाडूला नावं ठेवायला नकोत. नवी मुंबई स्वच्छ सर्वेक्षणात २०२० मध्ये तिसरी आणि २०२३ मध्येही तिसरी. २०२० पासून तिथं प्रशासक बसला आणि तो वर्षानुवर्षं राहिला. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या नगरसेवकांची मुदत संपली, तिथंही तेच झालं. पुण्याचं तर आणखी एक उदाहरण. २०१८ मध्ये राहायला देशात पहिलं, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याला पूर येऊन माणसं वाहून गेली, आणि २०२१ मध्ये दुसरा क्रमांक. ओढा बुजला की नाही, हे क्रमांकाला दिसत नाही. पाऊस आला की ओढ्याकाठच्या माणसाला दिसतं.

मग याद्या फेकून द्यायच्या? तसं मी म्हणणार नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला, लाखो लोक पळाले, त्यात आपले खानदेशी कामगारही होते. पुढच्या वर्षी एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. अधिकाऱ्यांना रोज खुर्चीवरून उठवून रस्त्यावर पाठवलं, झोनना अधिकार दिले, आणि दीड-दोन वर्षांत सुरतेचं नाव देशातल्या स्वच्छ शहरांत घेतलं जाऊ लागलं. ते नाव कमावलेलं होतं आणि राव गेल्यावरही टिकलं. आजही सुरत वर आहे. इंदूरमध्ये ओला-सुका कचरा घराघरांत वेगळा होतो, हेही खरं आहे. आणि चेन्नईला कचऱ्यात कमी गुण मिळतात, कारण कोडुंगैयूर आणि पेरुंगुडीचे कचऱ्याचे डोंगर वर्षानुवर्षं उभे राहिले. एकच काम, नीट मोजलेलं, दरवर्षी त्याच मापानं मोजलेलं असेल, तर क्रमांक उपयोगी पडतो. निदान आयुक्ताला जाब विचारायला एक कागद हातात येतो. पण सगळं एकत्र कालवून शहराला एकच आकडा दिला, की तो फक्त फ्लेक्सवर छापायला उरतो.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या शहराचा क्रमांक आल्याची बातमी वाचाल, तेव्हा आधी बघा की नेमकं काय मोजलंय. शहरात काय आहे ते, की पालिकेनं काय केलंय ते? मग शहराच्या कडेची, शेवटी हद्दीत घेतलेली वस्ती आठवा. पुण्यात ती वेगळी असेल, नागपुरात वेगळी, बेळगावात वेगळी, इंदूर-बडोद्यात राहणाऱ्या आपल्या माणसांनाही ती ठाऊक असेल. तिथं पाणी किती दिवसांनी येतं आणि पावसात ते कुठं जातं, हे विचारा. आणि शेवटी हे विचारा, की तिथल्या माणसाला तक्रार घेऊन जायला एक दार आहे का, आणि त्या दारामागच्या माणसाला तो पाच वर्षांनी बदलू शकतो का.

अंबत्तूरला फेब्रुवारी २०२२ मध्ये ते दार परत मिळालं. त्यानं पुढच्या वर्षीचं पाणी अडलं नाही, हे खरं. पण निदान कुणाला विचारायचं, हे तरी कळलं. रिपनसाहेबांची शाळा तिथं पुन्हा भरली आहे. तिचा निकाल यादीत लागत नाही, पावसाळ्यात लागतो.

पुढच्या भागात भेटू.