सिकलसेल आजार

सिकलसेल आजार : तांबड्या रक्तपेशींतील हीमोग्लोबिनाच्या दोषामुळे होणारा आनुवंशिक रक्तविकार. तो संसर्गजन्य नाही.

शोध : शिकागो येथील डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. दोष हीमोग्लोबिनाच्या रेणूतच असल्याचे लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले.

कारण : अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिन जनुकात एकाच अक्षराचा बदल होतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन कमी पडला की अशा हीमोग्लोबिनाचे रेणू एकमेकांना चिकटून लांब तंतू बनतात व पेशी वाकतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. वाकलेली १० ते २० दिवसांत नष्ट होते. त्यातून रक्तक्षय व कावीळ उद्भवते. सूक्ष्म वाहिन्या तुंबल्याने हाडे व सांधे असह्य दुखतात.

आनुवंशिकता : दोन्ही पालकांकडून सदोष जनुक आल्यास अपत्य रुग्ण होते; एकाकडूनच आल्यास ‘वाहक’ ठरते. वाहकाला सहसा त्रास होत नाही, म्हणून तपासणीवाचून ते कळतही नाही. दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के असते. वाहकांना तीव्र हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापग्रस्त प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले.

प्रसार : भारतात १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत या जनुकाची पहिली नोंद झाली. महाराष्ट्रात पूर्व विदर्भ आणि नंदुरबारच्या सातपुडा भागात प्रमाण अधिक आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा या आदिवासी जमातींप्रमाणेच विदर्भातील इतर काही समाजांतही हा आजार आढळतो.

निदान व उपचार : प्राथमिक चाचणीत रक्ताचे थेंब विशिष्ट द्रावणात टाकून नळी छापील रेषांसमोर धरतात. द्रावण गढूळ होऊन रेषा दिसेनाशा झाल्या, तर सदोष हीमोग्लोबिन असल्याचा संशय बळावतो. मात्र यावरून वाहक व रुग्ण वेगळे ओळखता येत नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी तपासणी लागते. हायड्रॉक्सीयुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात. मूळपेशी प्रत्यारोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण जुळणारा दाता मिळणे अवघड असते. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले असून २०४७ हे उद्दिष्टवर्ष ठेवले आहे. प्रतिबंधाचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विवाहापूर्वी दोघांचीही रक्ततपासणी.