एक रोगी, दोन नोंदवह्या

क्षयाचे जंतू शरीरात शिरले म्हणजे क्षयरोग झालाच, असे नाही. वर्गात हा घोटाळा हमखास होतो, म्हणून आधीच सांगून टाकू. फुप्फुसात शिरलेल्या जंतूंना भक्षक पेशी आणि टी पेशी वेढा घालतात व आतच डांबून ठेवतात. दहांतली नऊ माणसे हे जंतू बाळगून आयुष्यभर धडधाकट राहतात. एचआयव्ही हा विषाणू नेमका टी पेशींचाच नाश करतो. पहारा उठतो आणि डांबलेले जंतू मोकळे होतात. एरवी सबंध आयुष्यात मिळून असणारा दहा टक्क्यांपर्यंतचा धोका, उपचार न घेणाऱ्या एचआयव्हीबाधिताला जवळजवळ दर वर्षी असतो.

शरीरात असे एकमेकांत गुंतलेले हे दोन रोग सरकारी व्यवस्थेत मात्र बराच काळ एकमेकांना अनोळखी राहिले. भारताचा क्षयनियंत्रण कार्यक्रम १९६२ चा. १९९३ पासून त्याचे सुधारित रूप काही ठिकाणी अजमावले गेले. एचआयव्हीची लागण देशात प्रथम १९८६ मध्ये मद्रासला आढळली आणि १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. दोन्ही कार्यक्रम एकाच आरोग्य मंत्रालयाचे, पण स्वभाव अगदी उलटे. क्षयाच्या कर्मचाऱ्याला रोग्याचे नाव हवे, पत्ता हवा. रोगी गोळ्या घ्यायला आला नाही तर त्याच्या दारात जाऊन उभे राहणे हेच त्याचे काम. एड्सच्या कार्यक्रमात संमतीवाचून चाचणी नाही आणि निकाल तिसऱ्याच्या कानावर जाता कामा नये.

ही गुप्तता म्हणजे नसते सोवळे नव्हते. मुंबई उच्च न्यायालयात एका हंगामी कामगाराने, केवळ एचआयव्हीमुळे काम नाकारले म्हणून दाद मागितली. १९९७ मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. पण निकालपत्रातही तो फक्त ‘एमएक्स’ आहे. न्याय मागायलाही नाव झाकावे लागत होते!

पण रोग्याचे दोन आजार एकमेकांपासून लपले की औषधच घात करू शकते. थायासिटाझोन हे स्वस्त औषध आपल्याकडे क्षयावर वर्षानुवर्षे वापरले जाई. एचआयव्हीबाधितांत त्याने कातडी सोलवटून निघते, प्रसंगी मृत्यूही येतो, हे १९९१ च्या सुमारास केनियातील रुग्णांवरून स्पष्ट झाले. निदानाचेही तसेच. प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्याच्या फुप्फुसात पोकळ्या क्वचितच पडतात, त्यामुळे थुंकीत जंतू कमी उतरतात आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच कोरी दिसते.

दोन्ही कार्यक्रमांची संयुक्त कृतियोजना २००१ मध्ये आली. एचआयव्हीचे प्रमाण जास्त असलेल्या ज्या सहा राज्यांपासून तिची सुरुवात झाली, त्यांत महाराष्ट्र होता. योजनेचा मुख्य भर चिठ्ठीवर होता: या केंद्रातून त्या केंद्राकडे. आमच्या नवी मुंबईत तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारा माथाडी किंवा दोन दिवस थांबून पुढे जाणारा ट्रकचालक डोळ्यांसमोर आणावा. दुसऱ्या केंद्रात जायचे म्हणजे एका दिवसाचा खाडा, आणि तिथे मिळणार काय? महागडी विषाणूरोधक औषधे सरकारी दवाखान्यातून मोफत मिळू लागली ती १ एप्रिल २००४ पासून. मुंबईत प्रथम जे. जे. रुग्णालयात. त्याआधी चाचणी टाळणाऱ्या क्षयरोग्याला अडाणी ठरवणे आम्हाला तरी पटत नाही. त्याच्या हिशेबात कलंक नक्की होता, उपचार नव्हता.

औषध आल्यावर हिशेब पालटला. २००८ च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार जास्त प्रादुर्भावाच्या राज्यांत प्रत्येक क्षयरोग्याला एचआयव्ही चाचणी देऊ केली जाऊ लागली. निकाल क्षयाच्याच नोंदीत येऊ लागला, मात्र तो पाहण्याची मुभा फक्त उपचार करणाऱ्यांना. आमच्या मते या इतिहासातली खरी तडजोड हीच: गुप्तता मोडली नाही, तिचे कुंपण थोडे रुंद केले. २०१२ पर्यंत ही पद्धत देशभर पोचली.

दरम्यान आणखी एक प्रश्न सुटला. क्षयाचा उपचार पुरा होईपर्यंत विषाणूरोधक औषधे थांबवावीत की सोबतच द्यावीत? दक्षिण आफ्रिकेतील डर्बनच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले, की सोबत दिल्यास मृत्यू ५६ टक्क्यांनी घटतात. मग दोन खिडक्या ठेवण्यात अर्थच उरला नाही. तरीही डिसेंबर २०१६ उजाडावा लागला. तोवर एक दिवसाआड घ्यायची क्षयाची औषधे, रोजच्या एकत्रित गोळीच्या रूपात, एआरटी केंद्रातच मिळू लागली.

हा मेळ आजही रोज घालावा लागतो. क्षयावरचे रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चेतवते, आणि ती विकरे विषाणूरोधक औषधांचा झपाट्याने फडशा पाडतात. म्हणून रिफाम्पिसिन चालू असेतो डोल्युटेग्रॅव्हिरची पन्नास मिलिग्रॅमची गोळी दिवसातून एकदा नव्हे, दोनदा द्यावी लागते.