हिंगोलीची स्थळे आणि त्यांची स्मृती

प्रवासास निघावयाचे म्हटले की आपल्या सुशिक्षित घरांतून महाबळेश्वर, अजिंठा, वेरूळ, कोकणचा किनारा, अशी ठराविक नावे पुढे येतात. मराठवाड्यातील हिंगोलीचे नाव या यादीत क्वचितच असते. हा जिल्हा तसा लहान आणि वयानेही कोवळा. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून तो वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे त्याचे पाच तालुके. परंतु जिल्ह्याचे वय आणि भूमीचे वय यांत महदंतर असते. या लहानशा मुलखात पाहण्याजोगे काय आहे, हे सांगताना मी आज एक निराळाच प्रश्न आपणांपुढे ठेवणार आहे. एखादे स्थळ शतकानुशतके टिकते आणि दुसरे मातीत मिळून जाते, याचे कारण काय?

आरंभ औंढ्यापासून करू. हिंगोलीहून सुमारे २५ किलोमीटरांवर असलेले नागनाथाचे हे देवालय बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. हा मान गुजरातेतील द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर हीही क्षेत्रे आपलाच म्हणून सांगतात. भाविकाने त्या वादात पडण्याचे कारण नाही, आणि इतिहासाच्या अभ्यासकाला औंढ्याचे महत्त्व त्या वादाच्या निकालावर अवलंबून ठेवण्याचेही कारण नाही. देवालयाकडे नुसते डोळे उघडे ठेवून पाहिले तरी ते आपली कथा आपण सांगते. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोनाकोनांनी बाहेर आलेला, हत्ती, योद्धे आणि देवदेवता यांच्या मूर्तींनी भरलेला आहे. हे काम यादवकालीन, म्हणजे सुमारे तेराव्या शतकातील होय. लोक त्यास हेमाडपंती म्हणतात, कारण रामदेवराव यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाशी परंपरेने ही शैली जोडली. वास्तविक या धाटणीची देवालये हेमाद्रीच्या पूर्वीपासूनच बांधली जात होती. वरचा भाग मात्र पाहताक्षणीच निराळा दिसतो. तेथे ते कोरीव काम नाही, दगडाची ती जात नाही. तो पुष्कळ पुढच्या काळात उभारलेला आहे. औरंगजेबाच्या काळात देवालयाची मोडतोड झाली आणि पुढे अहल्याबाई होळकरांनी त्याचा जीर्णोद्धार केला, असे परंपरा सांगते. अहल्याबाईंचे निधन १७९५ साली झाले. म्हणजे एकाच भिंतीवर पाचशे वर्षांचे अंतर वर-खाली उभे आहे! गर्भगृह जमिनीच्या पातळीखाली असून तेथे अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावे लागते. कितीही मोठा मनुष्य असो, त्यास तेथे मान खाली घालूनच जावे लागते.

या देवालयाशी संत नामदेवांच्या दोन कथा निगडित आहेत. पहिली कथा गुरुभेटीची. संतमेळ्यात गोरोबा काकांनी नामदेवांस कच्चे मडके ठरविले, तेव्हा ते गुरूच्या शोधात निघाले आणि विसोबा खेचरांकडे आले. पाहतात तो विसोबा शिवपिंडीवर पाय ठेवून स्वस्थ निजलेले! नामदेवांनी हरकत घेतली, तेव्हा वृद्ध विसोबा म्हणाले की, जेथे देव नसेल तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय जिकडे नेले तिकडे पिंडी दिसू लागली. दुसरी कथा देऊळ फिरल्याची. नामदेवांचे कीर्तन पूजेच्या आड येते, म्हणून पुजाऱ्यांनी त्यांस देवळाच्या मागे पिटाळले. तेव्हा देऊळच फिरले आणि त्याचे द्वार नामदेवांसमोर आले. नंदी आपल्या नेहमीच्या जागी न राहता देवळाच्या मागील बाजूस का, याचे उत्तर तेथील लोक याच कथेने देतात.

आता देऊळ खरोखर फिरले काय, असा प्रश्न वर्गातील एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, आणि त्यास दटावून गप्प बसविणे योग्य नव्हे. दगड फिरत नाहीत, हे खरेच. परंतु कर्नाटकात उडुपी येथे कनकदासांसाठी श्रीकृष्णाची मूर्ती फिरली, अशी कथा आहे. आणि गुरु नानकांनी मक्केस जिकडे पाय केले तिकडे पवित्र स्थान वळले, अशी शीखांची कथा आहे. तीन प्रांत, तीन भाषा, आणि गाभा एकच! ज्यांस मागे उभे केले, त्यांच्याकडे देवाने तोंड वळविले. नामदेव शिंप्याच्या घरी जन्मले, कनकदास धनगर कुळातले मानले जातात. दगडांच्या इतिहासात जे घडले नसेल, ते लोकांच्या मनाच्या इतिहासात निश्चित घडले आहे, आणि तो इतिहासही खोटा नव्हे.

औंढ्याहून आपण नर्सीस जाऊ. हिंगोलीच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर कयाधू नदीच्या काठी हे गाव आहे. दामाशेटी आणि गोणाई यांचे पुत्र नामदेव १२७० साली येथे जन्मले, अशी प्रसिद्धी आहे. काही विद्वान त्यांचा जन्म पंढरपुरास झाला असे मानतात, तरी त्यांचे मूळ घराणे नर्सीचे, याविषयी परंपरा एकमुखी आहे. नामदेव कीर्तन करीत उत्तरेस गेले. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे त्यांचे मोठे स्थान आहे. १६०४ साली गुरु अर्जनदेवांनी सिद्ध केलेल्या शीखांच्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत. म्हणूनच नर्सीस वारकऱ्यांचे मंदिर आहे तसा शीखांचा गुरुद्वाराही आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये ८८ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमान येथे भरले, तेव्हा मराठी माणसाने सातशे वर्षांपूर्वीच्या त्या पाऊलवाटेची जणू परतफेडच केली. कयाधूच्या काठचे एक लहानसे खेडे बियासच्या मुलखाशी जोडले गेले, ते एका माणसाच्या वाणीमुळे. राजांच्या फौजा तेथवर गेल्या आणि परत आल्या. ही वाणी मात्र तेथेच राहिली.

श्रोतेहो, येथवर ज्यांची आठवण काढणारे पुष्कळ आहेत, अशी स्थळे झाली. आता ज्यांची आठवण काढणारा कोणी नाही, अशा स्थळाकडे वळू.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि लगोलग हिंगोली येथे निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी पडली. ही फौज नावाने निजामाची, खर्चाने निजामाची, परंतु तिचे अधिकारी इंग्रज. १८१९ च्या जानेवारीत याच फौजेने मेजर पिटमन याच्या हाताखाली नोवा येथील गढीस वेढा घालून हटकर नाईक नौसाजी याचा प्रतिकार मोडला. फौजेच्या खर्चाची बाकी तुंबत गेली, आणि त्याच कारणाने १८५३ साली वऱ्हाड प्रांत निजामाच्या हातून इंग्रजांच्या ताब्यात गेला. म्हणजे हिंगोलीच्या शिपायांचा पगार हा वऱ्हाडच्या इतिहासाचा एक धागा आहे! १९०३ साली कंटिंजंट हिंदी फौजेत विलीन झाले आणि हिंगोलीची छावणी उठली. पुढे हे गाव कापसाची पेठ म्हणून नांदले. १९१२ साली पूर्णेहून लोहमार्ग आला.

या छावणीच्या बाजारात एक भयंकर प्रकरण उघडकीस आले. १८३० नंतरच्या काही वर्षांत ठगांचा बंदोबस्त चालू असता, छावणीतील हरिसिंग नावाचा प्रतिष्ठित व्यापारी हा ठगांचा म्होरक्या निघाला. एका व्यापाऱ्याचा माल मुंबईहून येत आहे, हे त्यास ठाऊक होते. त्याने तशाच मालासाठी कॅप्टन रेनॉल्ड्स या अधिकाऱ्याकडून परवाना मिळविला, वाटेत मालकाचा आणि त्याच्या माणसांचा घात केला, आणि तोच माल परवाना दाखवून छावणीत उजळ माथ्याने विकला. फिलिप मेडोज टेलर या निजामाच्या नोकरीतील अधिकाऱ्याने आपल्या १८३९ सालच्या ठगांवरील कादंबरीच्या प्रस्तावनेत हे लिहून ठेवले आहे, आणि छावणीलगत पुरलेली प्रेते उकरली गेली तेव्हा आपण हजर होतो, असेही तो सांगतो. ठगांविषयीची इंग्रजांची सर्वच वर्णने जशीच्या तशी स्वीकारू नयेत, असे आजचे अभ्यासक बजावतात. माफीचा साक्षीदार झालेल्या कैद्यांच्या जबान्यांवर ती पुष्कळशी आधारलेली आहेत, आणि कालीभक्तांचा एक देशव्यापी पंथ हे चित्र अतिरंजित आहे. हा इशारा रास्तच आहे. परंतु पंथ खरा असो वा नसो, वाटेत मारले गेलेले वाटसरू तर खरे होते. पहारेकऱ्यांच्या हाकेच्या अंतरावर ते मातीआड गेले. त्यांची घरे कोठे होती, त्यांची वाट किती दिवस पाहिली गेली, हे कोणत्याही दप्तरात नाही.

आता माझ्या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर पाहा. औंढ्याचे देवालय मोडले आणि पुन्हा उभे राहिले, कारण तेथे रोज दिवा लावणारे हात होते. नर्सी टिकली, कारण पंढरीपासून पंजाबपर्यंत तिचे नाव घेणारे कंठ होते. छावणी तर ८० वर्षांहून अधिक काळ येथे सत्ता गाजवीत होती. तरी ती उठली, कारण तिच्यावर कोणाचे प्रेम नव्हते. दगड आणि सत्ता यांच्या बळावर स्थळ टिकत नाही. माणसे त्यास उराशी धरतात म्हणून ते टिकते. परंतु यातच एक धोकाही आहे. प्रेमाने जे राहते तेवढेच आपण पाहू लागलो, तर त्या निनावी वाटसरूंचे काय? ज्यांच्यासाठी कीर्तन नाही, ज्यांचा उत्सव नाही, त्यांची आठवण ठेवणे हेच तर इतिहासाचे काम आहे. भक्ती आपल्या माणसांस स्मरते. इतिहासाने परक्यांसही स्मरले पाहिजे.

हिंगोलीस जावयाचे तर पावसाळा संपल्यावर जावे. दसऱ्याचा मुहूर्त साधला तर येथला दीडशे वर्षांहून जुना दसरा महोत्सव पाहावयास मिळेल. त्याची परंपरा खाकीबाबांच्या मठाशी जोडलेली आहे. शिरड शहापूर येथील मल्लिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आणि पूर्णा नदीवरील सिद्धेश्वर धरण ही एका दिवसात होतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तेथली हळद घरी न्यावी. आणि औंढ्याजवळ दुधाळा येथील माळावर क्षणभर थांबावे. दूर आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली म्हणजे अवकाशात जी अतिसूक्ष्म लहर उठते, ती टिपणारी लायगो ही वेधशाळा तेथे व्हावयाची आहे. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांबीच्या असतील. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. अशी लहर मनुष्याने प्रथम टिपली ती १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेत. आणि ती निघाली होती शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा क्षीण नाद ऐकण्यासाठी जर आपण एवढी यंत्रे उभारणार, तर अवघ्या दोनशे वर्षांपूर्वी याच मातीत विझलेल्या आवाजांसाठी हिंगोलीत एखादा साधा नामफलक उभारणे आपणांस जड जाऊ नये.

तेव्हा श्रोतेहो, औंढ्यास देवदर्शन झाल्यावर हिंगोली गावात अवश्य उतरा, जुनी छावणी कोठे होती म्हणून विचारा. उत्तर कोणास देता आले नाही तरी चालेल. दहा जणांनी विचारले तर अकराव्यास उत्तर शोधावेसे वाटेल.